गोल्फ परवडेल, पण आधी तिथला एक उन्हाळा काढा

वाचकाचं पत्र: सप्रेम नमस्कार. मी ६२ वर्षांचा, पत्नी ६०. न्यू जर्सीत एडिसनला राहतो. यंदा डिसेंबरात नोकरी सोडायची म्हणतोय. पन्नाशीनंतर गोल्फचा नाद लागला तो वाढतच गेला, पण इथे थंडी पडली की चार-पाच महिने खेळ बंद. म्हणून ॲरिझोनात कायमचं जायचं मनात आहे. ४०१के या निवृत्ती खात्यात साडेसात लाख डॉलर आहेत. २००१ मध्ये २ लाख ६० हजारांना घेतलेलं घर आता ७ लाख २० हजारांना जाईल असं एजंट म्हणतो, ९० हजार कर्ज बाकी आहे. सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) ६७ व्या वर्षी माझी महिना ३,२०० आणि तिची अर्धवेळ नोकरीवरची १,३०० दाखवतात. स्कॉट्सडेलला अगदी फेअरवेला (गोल्फ कोर्सच्या हिरवळीच्या पट्ट्याला) लागून असलेलं एक घर ऑनलाइन बघून ठेवलंय. पत्नी खेळत नाही, ती "तुम्ही म्हणाल तसं" म्हणते. मुलगी बॉस्टनला, पहिलं नातवंड येऊ घातलंय. मला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. एवढ्यात भागेल का? – एक गोल्फवेडा, एडिसन. (ता. क. जुन्या क्लब्ज सोबत आणू की तिकडे नव्या घेऊ?)

सप्रेम नमस्कार,

भागेल. तुमचे आकडे मी दोनदा मांडून पाहिले, आणि साधेपणाने राहिलात तर आठवड्यातून तीन दिवस गोल्फ खेळूनही तुम्ही दोघं निवांत राहू शकाल. पण तुम्ही निवडलेल्या घरात नाही, आणि डिसेंबरात राजीनामा देऊन जानेवारीत सामान हलवलंत तर मुळीच नाही. मी फिनिक्सजवळच्या चँडलरला राहतो, खेळतो, आणि दर हिवाळ्यात इथे उतरणारी, इथल्या जानेवारीच्या प्रेमात पडून घर घेणारी माणसं बघतो. जानेवारी सगळ्यांनाच आवडतो. निर्णय जुलै बघून घ्यायचा असतो.

तुम्हाला ज्याच्या खर्चाची सगळ्यात जास्त धास्ती आहे तो खेळच आधी घेऊ, कारण तोच सगळ्यात सोपा आहे. टीव्हीवर दर फेब्रुवारीत फिनिक्स ओपन दिसते ती टीपीसी स्कॉट्सडेलची स्टेडियम कोर्स, किंवा वाळवंटातल्या निवडुंगांमधून जाणाऱ्या रिसॉर्टच्या कोर्सेस, यांची हिवाळ्यातली ग्रीन फी, म्हणजे एकदा खेळण्याचे पैसे, काहीशे डॉलर असते. पाहुणा आला की वर्षातून एकदा तिथे जावं. इथली कायमची माणसं तिथे दर आठवड्याला खेळत नाहीत. ती फिनिक्स शहराच्या मालकीच्या पापागो, एन्कँटो, केव्ह क्रीक, अगिला अशा कोर्सेसवर खेळतात. टूसॉनला जायचं ठरवलंत तर तिथेही महापालिकेच्या रँडॉल्फ, एल रिओ, सिल्व्हरबेल आहेत. ज्येष्ठांना सवलत, स्थानिकांना सवलत, दुपारनंतर आणखी कमी. शिवाय 'एक्झिक्युटिव्ह' कोर्सेस आहेत: बहुतेक पार तीनचे, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचे होल, थोडे छोटे पार चारचे. अठरा होल अडीच-तीन तासांत होतात, चालत होतात आणि पैसेही बेताचे. साठीनंतरच्या गुडघ्यांना हा प्रकार मी मनापासून सुचवतो. वर्षाला दीडशे राउंड आणि सरासरी ४० डॉलर धरले तरी ६ हजार डॉलर होतात. तुमच्या एकूण खर्चात हा आकडा मोठा नाही.

आणखी एक वाट आहे, ती फार जणांना आधी ठाऊक नसते. बहुतेक सार्वजनिक कोर्सेसना स्टार्टर (खेळाडूंना क्रमाने सोडणारे), मार्शल (खेळावर देखरेख ठेवणारे), सरावाच्या रेंजवरचे मदतनीस लागतात. आठवड्यातल्या एक-दोन सकाळी काम करायचं, त्या बदल्यात खेळ फुकट किंवा नाममात्र दरात. निवृत्त मंडळींनीच ही कामं चालवली आहेत. पैसे तर वाचतातच, पण नव्या गावात दोन महिन्यांत शंभर माणसं नावाने ओळखू लागतात, आणि नव्याने आलेल्याला त्याची फार गरज असते.

एक गोष्ट मात्र समजून घेतल्याशिवाय कुठलाही वार्षिक पास घेऊ नका. उन्हाळ्यात इथे बर्म्युडा गवत असतं, थंडीत ते सुकून पिवळं पडतं. म्हणून सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात बर्म्युडा पार मातीलगत खरवडून कापतात, त्यावर रायग्रासचं बी पेरतात आणि दिवसातून कितीतरी वेळा थोडं थोडं पाणी मारतात. त्या काळात कोर्स दोन-तीन आठवडे बंद. उघडल्यावरही बरेच दिवस कार्ट फक्त डांबरी वाटेवरून न्यायची, प्रत्येक फटक्यासाठी चालत आत जायचं आणि चालत परत यायचं. हवा सुधारायला लागते नेमके तेच दिवस. ज्याच्याकडे एकाच कोर्सचा पास आहे तो घरी बसतो. म्हणून एकाच पासात अनेक कोर्सेस देणारं ठिकाण बघा. सन सिटीच्या रिक्रिएशन सेंटर्सकडे आठ गोल्फ कोर्सेस आहेत, त्या आळीपाळीने बंद होतात.

सन सिटीचं नाव निघालंच आहे तर तिच्याबद्दल थोडं. फिनिक्सच्या वायव्येला डेल वेब यांनी १ जानेवारी १९६० रोजी ही वसाहत खुली केली. निवृत्तांनी गोल्फ खेळत, छंद जोपासत एकत्र राहावं ही कल्पना अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर रुजली ती इथून. घरं जुनी, बहुतेक एकमजली, आटोपशीर, आणि म्हणून आजही या महानगरातल्या परवडणाऱ्या घरांत मोडतात. नगरपालिका नसल्यामुळे तिचा कर नाही. लोक गोल्फ कार्टमधूनच दुकानात जातात. खेळाचा आणि पैशाचा विचार केला तर तुमच्यासाठी हिच्यापेक्षा चांगली जागा सापडणं अवघड. तरीही मी तिला पहिला क्रमांक देत नाही, त्याचं कारण वहिनी. त्यांच्याकडे येतोच.

आधी ते स्कॉट्सडेलचं घर. फेअरवेला लागून घर म्हणजे त्या दृश्यासाठी जास्तीचे पैसे, खिडक्यांवर चेंडू, पहाटे साडेचारला गवत कापण्याच्या यंत्राचा आवाज. एवढं तरी माणूस सोसेल. खरा धोका असा की ती कोर्स तुमच्या मालकीची नसते. मालकाला परवडेनाशी झाली की तो ती बंद करतो. फिनिक्समधल्याच आवातुकी लेक्स या कोर्सचं २०१३ मध्ये हेच झालं: कुलूप लागलं, हिरवळ वाळून गेली आणि कडेच्या घरमालकांना वर्षानुवर्षं कोर्टात भांडावं लागलं. त्यात पाण्याचा प्रश्न दिवसेंदिवस बिकट होतोय. कोलोरॅडो नदीच्या टंचाईमुळे २०२२ पासून ॲरिझोनाच्या वाट्याला कात्री लागली आहे. जून २०२३ मध्ये राज्याने फिनिक्स परिसरात निव्वळ भूजलाच्या भरवशावर होणाऱ्या नव्या वसाहतींना परवानगी देणं थांबवलं. आणि १ जानेवारी २०२३ पासून स्कॉट्सडेलने हद्दीबाहेरच्या रिओ व्हर्दे फूटहिल्सला टँकरचं पाणी देणं बंद केलं, तेव्हा शेकडो घरांची तोंडं पाण्यासाठी चहूकडे झाली. मराठी माणसाला टँकर काय ते सांगायला नको. घर कुठलंही घ्या, पाणी कोण पुरवतं, त्यांच्याकडे शंभर वर्षांच्या पुरवठ्याची सरकारी हमी आहे का, आणि कोर्सला पाणी सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळतं की जमिनीतून उपसून, हे तीन प्रश्न दलालाला लेखी विचारा.

आता उन्हाळा. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस कमाल पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ४३ सेल्सिअस, किंवा त्याच्याही वर होता. त्या वर्षी एकट्या मॅरिकोपा काउंटीत उष्म्याने ६४५ माणसं गेली. आपण विदर्भाचा, खानदेशाचा उन्हाळा पाहिलेली माणसं "चाळीस-पंचेचाळीसचं काय एवढं" म्हणतो, पण तिकडे सूर्य मावळला की अंगण निवतं. इथे पसरलेल्या डांबर-सिमेंटमुळे मध्यरात्रीही पारा बऱ्याचदा नव्वद फॅरनहाइटच्या खाली येत नाही, आणि उन्हाळा जूनपासून सप्टेंबरपर्यंत चालतो. जूनमध्ये खेळायचं तर टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची ठरलेली वेळ, पहाटे साडेपाचची. पहिल्या होलला गार वाटतं, नवव्याला पाणी संपत आलेलं असतं, आणि चौदाव्याच्या सुमारास लोखंडी क्लब उन्हात आडवी राहिली असेल तर मूठ धरवत नाही. दहाच्या आत घरी, मग संध्याकाळपर्यंत दारं बंद. तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी आहे का, हे डॉक्टरांना आधी विचारा. त्या गोळ्या, घाम आणि गोल्फ यांचा मेळ नीट बसवावा लागतो. धुळीतून येणाऱ्या बुरशीचा एक आजारही इथलाच आहे, त्याला व्हॅली फीव्हर म्हणतात. नव्याने आलात आणि खोकला आठवडेच्या आठवडे हटेना, तर त्याची तपासणी स्वतःहून मागा.

म्हणून माझं सांगणं असं की आधी घर भाड्याने घ्या, आणि सुरुवात जुलैपासून करा. जानेवारी ते मार्च इथली भाडी चढलेली असतात, कारण मिनेसोटा, कॅनडाहून लोंढा येतो. जुलै-ऑगस्टमध्ये तेच सुसज्ज घर कितीतरी कमी भाड्याने मिळतं. दोघंही या. सहा आठवडे राहा, वाणसामान भरा, विजेचं बिल बघा. दुपारी चार ते सात वीज महाग लावणाऱ्या योजना असतात, मोठ्या घराचं बिल महिना ३०० च्या वर सहज जातं. त्यानंतरही इथे यावंसं वाटलं तर मग एक हिवाळा भाड्याने, आणि त्यानंतर खरेदी. एडिसनचं घर तोवर विकू नका, चांगला भाडेकरू बघा. फक्त एक ध्यानात ठेवा: विक्रीवरच्या नफ्यातले ५ लाख डॉलर जोडप्याला करमुक्त मिळायचे तर विक्रीआधीच्या पाच वर्षांत दोन वर्षं त्या घरात राहिलेलं असावं लागतं. तुमचा नफा साधारण ४ लाख ६० हजार, म्हणजे पूर्ण सुटतो. भाड्याच्या काळात घेतलेल्या घसाऱ्यावर तेवढा कर पडेल, पण तीन वर्षांच्या आत विकलंत तर बाकीचं सुरक्षित. न्यू जर्सी सोडताना 'एक्झिट टॅक्स' कापतात अशी आपल्या मंडळींत भीती आहे. तो वेगळा कर नाही, नफ्यावरच्या कराची आगाऊ वसुली आहे. राहतं घर आहे, नफा पूर्ण माफ आहे, तर जीआयटी/आरईपी-३ हा फॉर्म भरून ती टाळता येते. भाडेकरू ठेवला असेल तर हा फॉर्म चालतो का ते मात्र करसल्लागाराला आधीच विचारा.

आता हिशेब, आणि इथे थोडा धीर धरून वाचा. दलाली, कर्ज, किरकोळ खर्च वजा जाता घराचे ५ लाख ९० हजारांच्या आसपास हाती येतील. साडेतीन लाखांत इथे पंचावन्नपुढच्यांच्या वसाहतीत दोन बेडरूमचं, फेअरवेपासून दोन गल्ल्या आत असलेलं घर मिळू शकतं. उरले २ लाख ४० हजार. या पैशांना हात लावताना एक रुपयाही करपात्र उत्पन्न होत नाही, आणि पुढची काही वर्षं ते का मोलाचं आहे बघा. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) ६५ ला सुरू होते. तोवर तुम्हाला दोन-तीन वर्षं आणि वहिनींना त्याहून जास्त, आरोग्य विमा बाजारातून घ्यायचा आहे. २०२५ अखेर या विम्याच्या हप्त्यावरच्या वाढीव सरकारी सवलती संपल्या. २०२६ साठी दोघांच्या कुटुंबाचं उत्पन्न ८४,६०० डॉलरच्या वर गेलं की सवलत शून्य, आणि तुमच्या वयाला पूर्ण हप्ता दोघांचा मिळून महिना दोन हजारांच्या घरात जातो. उत्पन्न त्याच्या आत राहिलं तर प्रमाणित योजनेचा हप्ता उत्पन्नाच्या फार तर दहा टक्के. म्हणजे ४०१केमधून हजार डॉलर जास्त काढल्याने वर्षाला दहा-पंधरा हजारांचा फटका बसू शकतो. म्हणून या वर्षांत निम्मे पैसे घराच्या विक्रीतले, निम्मे ४०१केमधले असे वापरा, करपात्र आकडा ४०-५० हजारांवर ठेवा, आणि दरवर्षी नोंदणीआधी नवे नियम बघा.

सोशल सिक्युरिटी ६२ ला घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. आत्ता घेतलीत तर ३,२०० चे २,२४० होतात. सत्तरपर्यंत थांबलात तर ३,९६८. हे मी तुमच्यासाठी कमी आणि वहिनींसाठी जास्त सांगतोय. तुमच्यामागे त्यांना तुमची रक्कम मिळेल. तुम्ही सत्तरला सुरू केली असेल तर ती पूर्ण ३,९६८, ६२ ला केली असेल तर २,६४० हून जास्त कधीच नाही. आणि हयातीत, तुम्ही सुरू केल्यावर, त्यांची १,३०० वाढून तुमच्या मूळ रकमेच्या निम्मी म्हणजे १,६०० होईल. दोघांचे मिळून महिना ५,५६८, वर्षाला ६६,८०० च्या पुढे, तेही महागाईप्रमाणे वाढणारे. ॲरिझोना सोशल सिक्युरिटीवर कर घेत नाही, बाकी उत्पन्नावर सरसकट अडीच टक्के. घरपट्टी तुमच्या एडिसनच्या मानाने फारच कमी. वर्षाला ६६ हजारांत, गोल्फ धरून, इथे दोन माणसांचं व्यवस्थित चालतं. म्हणजे सत्तरनंतर ४०१के फक्त आजारपण, प्रवास आणि नातवंडासाठी. तोवरच्या सात-आठ वर्षांत घराचे २ लाख ४० हजार आणि ४०१केमधले सव्वादोन-अडीच लाख खर्ची पडतील, गुंतवणुकीची वाढ धरली नाही तरी पाच लाख शिल्लक राहतात. ६५ झाल्यावर मेडिकेअरचा भाग ब सुरू होताच सहा महिन्यांत मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअरने न भरलेला खर्च उचलणारा जोडविमा, घ्या. त्या मुदतीत विमा कंपनी आजार बघून नाही म्हणू शकत नाही, नंतर म्हणू शकते. वर्षातले काही महिने बॉस्टनला मुलीकडे जाणार असाल तर एकाच काउंटीच्या डॉक्टरांत अडकवणाऱ्या, खासगी कंपन्यांच्या स्वस्त ॲडव्हान्टेज योजनेपेक्षा हेच बरं.

आता वहिनी. तुमच्या पत्रात त्यांच्या वाट्याला दोन छोटी वाक्यं आली आहेत. "तुम्ही म्हणाल तसं" हा होकार नाही हो. एडिसनला त्यांना पायी अंतरावर भाजी मिळते, मंडळाचा गणपती आहे, इतक्या वर्षांच्या मैत्रिणी आहेत. सन सिटीत तुम्ही सकाळी साडेपाचला बाहेर पडाल, दहाला येऊन झोपाल, आणि त्यांना कोथिंबीर-कढीपत्त्यासाठी किंवा चार शब्द मराठी बोलण्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला, हायवेवरून तासभर गाडी हाकत यावं लागेल. त्या हायवेवर गाडी चालवतात का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. इथली बरीचशी भारतीय वस्ती चँडलर-गिल्बर्टकडे आहे. दुकानं, मंडळाचे कार्यक्रम इकडे जवळ, मॅरिकोपा गावात महागणपतीचं देऊळ आहे. म्हणून माझी पहिली पसंती चँडलरला चिकटून असलेल्या सन लेक्सला. पंचावन्नपुढच्यांची वसाहत, आतच एक्झिक्युटिव्ह आणि पूर्ण लांबीच्या दोन्ही कोर्सेस. घरं सन सिटीपेक्षा थोडी महाग, सोसायटीची मासिक वर्गणी जास्त, पण दोघांचा दिवस तिथे भरेल. नियमावली मात्र सही करण्याआधी वाचा: अशा वसाहतींत एकोणीस वर्षांखालच्या पाहुण्यांना वर्षात ठरावीक दिवसच राहता येतं. मुलगी बाळाला घेऊन दोन-तीन महिने राहायला आली तर चालेल का, हे तिथल्या कचेरीतून लेखी घ्या.

आणि जून ते सप्टेंबर इथे राहायलाच हवं असं कुठे आहे? जूनमध्ये बॉस्टन, मग जुलै ते गणपतीपर्यंत पुणे. इथलं एसी ८५ वर ठेवायचं, पाण्याचा मुख्य नळ बंद करायचा आणि निघायचं. पाऊस उघडला की येरवड्याला पूना क्लबची कोर्स आहे, ओळखीचा सभासद शोधून ठेवा. मेडिकेअर भारतात चालत नाही, तेवढा प्रवासी विमा आठवणीने काढा.

हे सगळं वहिनींसमोर मोठ्याने वाचा आणि त्यांना जुलैतल्या सहा आठवड्यांपुरतं एकच काम द्या: तिथला स्वतःचा आठवडा कसा जाईल तो त्यांनी स्वतः आखायचा. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. त्यांचा आठवडा भरला नाही तर दुसरा पर्याय ठेवा: एडिसनचं घर विकून तिथेच लहान फ्लॅट, आणि जानेवारी ते मार्च इथे भाड्याने. तेही तुम्हाला परवडतं, न्यू जर्सीचा कर धरूनसुद्धा.

क्लब्ज जुन्याच आणा. इथे वापरलेल्या चांगल्या क्लब्जची दुकानं भरपूर आहेत, हात बसला की हवं ते निम्म्या किमतीत मिळेल. कार्ट मात्र घर घेतल्याशिवाय घेऊ नका.